टेस्टिंग पासवर किती मिली मिळणार ते छापा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. साडेचार एकर बाग आहे, त्यात तीन एकर थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, आणि दीड एकर वाईनची द्राक्षं, सॉविनॉन ब्लाँ, एका वायनरीशी करार आहे. पण आजचं पत्र बागेबद्दल नाही, फूड अँड वाईन फेस्टिवलला जे टेस्टिंग पास विकतात त्याबद्दल आहे. जानेवारी ते मार्च आपला हंगाम, त्याच दिवसात हे फेस्टिवल लागतात, पुण्या-मुंबईची माणसं दीड-दोन हजाराचा पास काढून हौसेने येतात आणि संध्याकाळी त्यातली बरीचशी तोंड पाडून परत जातात. आपल्या गावात येऊन माणूस नाराज होऊन गेला तर मला ते बघवत नाही म्हणून लिहितोय.

या फेब्रुवारीत ताई आणि दाजी पुण्याहून आले होते, आई घरात होतीच, म्हटलं चला, आपण पिकवतो त्याचं पुढं काय होतं ते आईला पण दाखवू. चौघं गेलो. फेस्टिवलचं नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच मी तीन-चार ठिकाणी बघितलंय. पास १८०० रुपयांचा, त्यावर फक्त ‘८ टेस्टिंग’ एवढंच. एक टेस्टिंग म्हणजे किती, कुठकुठली वाईन, किती वाजेपर्यंत, काही नाही. आईचं वय ७१, तिने आयुष्यात कधी तोंडाला लावलेली नाही, तिचे पण पूर्ण १८०० घेतले कारण गेटवर दुसरा पासच नव्हता. म्हणजे चौघांचे ७२००. आत गेल्या गेल्या दाजी म्हणाले, आता वसूल तर करायलाच पाहिजे. आणि इथेच सगळ्यांचं चुकतं असं मला वाटतं.

हिशोब करून बघा ना. वाईनची बाटली ७५० मिलीची, टेस्टिंगचं माप साधारण ३० मिलीचं, म्हणजे एका बाटलीत २५ टेस्टिंग बसतात. ८ टेस्टिंग म्हणजे २४० मिली, बाटलीचा एक तृतीयांश पण नाही. १८०० रुपयात दुकानातून नाशिकच्या चांगल्या वाईनच्या दोन बाटल्या घरी येतात. म्हणजे पिण्याच्या हिशोबाने हा पास कधीच परवडत नाही, कितीही पटापट संपवला तरी. मग तो घ्यायचा कशाला, तर दोन बाटल्यांच्या पैशात आठ वेगवेगळ्या वाईन चाखायला मिळतात, बनवणारा माणूस समोर भेटतो, आणि पुढच्या वेळी दुकानात गेल्यावर आपल्याला काय आवडतं ते माहीत असतं. पासची किंमत ह्यात आहे, आणि नेमकं हेच तिथे मिळत नव्हतं.

आम्ही दुपारी तीनला पोचलो. पहिल्या तीन काउंटरवर तीच एक रांग आणि तोच एक प्रश्न, ‘रेड की व्हाईट?’ मी विचारलं रेडमध्ये कुठली, शिराझ आहे का कॅबरनेट, तर तो पोरगा बाटली फिरवून लेबल वाचायला लागला. त्याचा दोष नाही, त्याला दोन दिवसांच्या रोजावर उभं केलेलं. एके ठिकाणी पेगच्या मापाने ओतत होते, शेजारीच दुसरा अंदाजाने ओतत होता, गर्दी वाढली तसा त्याचा अंदाज कमी कमी होत गेला. एका काउंटरवर ‘रिझर्व’ म्हणून दोन कूपन कापली, बोर्ड कुठेच नव्हता, कूपन फाडून झाल्यावर सांगितलं. रेडच्या बाटल्या टेबलावर उन्हात, मी हात लावला तर कोमट लागली. रेड १६ ते १८ डिग्रीला प्यायची असते, व्हाईट ८ ते १०, आणि आपल्याकडे फेब्रुवारीतली दुपार तिशीच्या पुढे जाते. अशी तापलेली रेड नाकाजवळ नेली की फक्त अल्कोहोलचा भपका येतो, बाकी काही कळत नाही, आणि पहिल्यांदा घेणारा माणूस म्हणतो, नाशिकची वाईन अशीच. ते ऐकून माझ्या पोटात तुटतं. कारण एका बाटलीला साधारण किलोभर द्राक्षं लागतात, म्हणजे ३० मिलीत ४० ग्रॅम, एक मूठभर मणी. ते मणी कोणीतरी एप्रिलच्या खरड छाटणीपासून सांभाळलेले असतात, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग डाऊनी-भुरी ह्या बुरशीच्या रोगांवर फवारणी, अवकाळीची धास्ती, ब्रिक्स, म्हणजे मण्यातली साखर, चढायची वाट बघणं, आणि शेवटी ऊन चढायच्या आत माल वायनरीत पोचावा म्हणून पहाटे अंधारात हेडटॉर्च लावून तोडणी. आणि हे सगळं जाऊन थांबतं कुठे तर उन्हात ठेवलेल्या कोमट बाटलीत.

पण चौथ्या काउंटरवर एक मुलगी होती, छोट्या वायनरीची, स्वतः वाईन बनवण्याचं काम करणारी. तिने आईकडे बघितलं आणि म्हणाली, काकू, प्यायचं नसेल तर पिऊ नका, नुसता वास घ्या. काचेच्या ग्लासात थोडी सॉविनॉन ब्लाँ ओतली, ग्लास फिरवून आईच्या हातात दिला. आईने नाक लावलं, थांबली, परत लावलं, आणि म्हणाली, अरे ही तर ढोबळी मिरची चिरल्यासारखी, आणि मागनं पेरू, अर्धकच्चा. ती मुलगी एकदम खूष झाली, म्हणाली काकू बरोब्बर, या जातीचा तोच वास आहे, आणि घड सावलीत राहिले तर मिरचीचा वास जास्त येतो. त्यावर आई माझ्याकडे वळून म्हणाली, म्हणजे घडाजवळचा पाला काढायचा राहिला होता. आमच्या बागेत ह्या वर्षी मजूर मिळाले नाहीत म्हणून खरंच ते काम मागे पडलं होतं. ती वाईन आमच्या मालाची नव्हती तरी पण आईला ग्लासातून पाल्याची गोष्ट कळली. नंतर पंधरा मिनिटं दोघी बागेबद्दलच बोलत होत्या, मागची रांग पण ऐकत उभी राहिली, कोणी घाई केली नाही. अख्ख्या दिवसात आमचे पैसे तिथे वसूल झाले, आणि आईने एक थेंब घेतला नव्हता.

म्हणून जे कोणी पास काढून जाणार असतील त्यांना माझं मनापासून सांगणं आहे. दुपारी बारा-साडेबाराला, गेट उघडतं तेव्हाच जा. तेव्हा बर्फ शिल्लक असतो, सगळ्या बाटल्या उघडलेल्या असतात आणि वायनरीची जाणकार माणसं स्वतः उभी असतात, चारनंतर ती थकतात किंवा निघून जातात आणि शिल्लक राहते ती त्यांना खपवायची असते ती वाईन. आम्ही उशिरा गेलो म्हणून आमचं अर्धं नुकसान तिथेच झालं. आधी जेवा, पोटभर, पिठलं भाकरी मिळाली तर फारच छान, उपाशीपोटी तिसऱ्या टेस्टिंगनंतर जिभेला काही कळत नाही. मग एक कूपन न फाडता सगळा फेरा मारून या, कोणाकडे काय आहे, कोण बोलतंय, कोण नुसतं ओततंय ते बघा. दोघं असाल तर दोघांनी एकच वाईन घेऊ नका, तू ही घे मी ती घेतो आणि एकमेकांची चाखा, म्हणजे ८ च्या पासात १६ वाईन होतात, ताई आणि मी शेवटी शेवटी हेच केलं. स्पार्कलिंग, मग व्हाईट, मग रोझे, मग रेड आणि उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड लेट हार्वेस्ट सगळ्यात शेवटी, हा क्रम उलटा केलात तर शिराझनंतर शेनिन ही व्हाईट पाण्यासारखी लागते. आवडली की लगेच लेबलचा फोटो काढा आणि फोटोखाली चार शब्द टाका, कारण संध्याकाळपर्यंत सगळी नावं डोक्यात एकमेकांत मिसळतात. आणि प्रत्येक काउंटरवर थुंकायला भांडं ठेवलेलं असतं किंवा असायला पाहिजे, त्यात थुंकायला लाजू नका, वाईन बनवणारी माणसं दिवसभर तसंच चाखतात, त्यात काही वाईट नाही.

खाण्याबद्दल एक सांगतो कारण नाशिकला आलेला माणूस मिसळ सोडत नाही. दाजींनी झणझणीत मिसळीबरोबर शिराझ घेतली आणि तोंड पोळलं, म्हणाले वाईनच खराब आहे. वाईन खराब नव्हती. तिखटाच्या वर जास्त अल्कोहोल गेलं की आग आणखी वाढते. मग मी त्यांना किंचित गोडसर शेनिन दिली, गार होती, तर म्हणाले आता बरं वाटलं. हे कोणीतरी पाटीवर लिहून ठेवलं तर किती बरं होईल, मिसळीच्या स्टॉलवरच एक कागद चिकटवायचा, ह्याच्याबरोबर अमुक घ्या. त्याला खर्च काय येतो? सोलकढी-मासे असतील तर सॉविनॉन ब्लाँ, मटणाच्या बेताच्या तिखट रश्श्याला शिराझ, एवढं लिहिलं तरी निम्मं काम झालं.

आता आयोजकांकडे मागणं. जास्त काही मागत नाही. पासवर आणि जाहिरातीत छापा की एक टेस्टिंग ३० मिलीचं, एकूण किती टेस्टिंग, किती वायनरी, महागड्या बाटलीला जादा कूपन लागणार असेल तर किती, आणि मनगटावरच्या पट्ट्यात खाण्यासाठी भरलेले पैसे उरले तर परत मिळणार का नाही. ताईचे ३४० रुपये त्या पट्ट्यात अडकले ते अडकलेच, काउंटर साडेसातला बंद झाला म्हणाले. ओतायला सगळीकडे एकच माप वापरा. बारमध्ये पेगचं माप वैधमापन खात्याच्या शिक्क्याचं लागतं, मग आमच्याकडून टेस्टिंगमागे २२५ रुपये घेऊन अंदाजाने का ओतायचं? सावली, बर्फ आणि प्यायचं पाणी फुकट ठेवा, आमच्याकडे पाण्याच्या बाटलीचे ६० रुपये घेतले. टेस्टिंग म्हटलं की पाणी लागतंच, दोन वाईनच्या मध्ये तोंड धुवायला आणि डोकं जाग्यावर ठेवायला.

आणि न पिणाऱ्यांचा वेगळा पास काढा, दोन-तीनशे रुपयांचा. ह्याच्यासाठी मी सगळ्यात जास्त आग्रह धरतोय. आम्ही गावातला एक मुलगा ड्रायव्हर म्हणून घेऊन गेलो होतो, तो पाच तास पार्किंगमध्ये बसला कारण आत यायला त्याला पण १८०० पडले असते. मी त्याला वडापाव नेऊन दिला पण मला ते बरं वाटलं नाही. मोटार वाहन कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे सगळ्यांना माहिती आहे, तरी संध्याकाळी फेस्टिवलच्या गेटवर किती जण स्वतः किल्ली फिरवतात ते जाऊन बघा. न पिणाऱ्याला स्वस्तात आत घेतलं तर प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण आनंदाने न पिता येईल.

मला भीती आहे ती वेगळीच. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, एक्साईज माफ केली, विंचूरला वाईन पार्क काढलं, म्हणून आमच्यासारख्यांनी खायची द्राक्षं काढून वाईनच्या जाती लावल्या. जानेवारी २०२२ मध्ये हजार चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा केवढा गदारोळ उठला, तुमच्या पेपरात रोज पत्रं येत होती. त्या लोकांचं म्हणणं मी नीट वाचलेलं आहे, ज्यांच्या घरात दारूने वाटोळं झालंय त्यांचा राग मला समजतो. म्हणून फेस्टिवलमध्ये पैसे वसूल करायला आठ टेस्टिंग अर्ध्या तासात ढोसून माणसं लोळताना दिसली तर मला वाईट वाटतं. अशी माणसं थोडीच असतात पण फोटो त्यांचेच निघतात, आणि माप, जेवण, पाणी, सावली यातलं काहीच नीट नसेल तर चांगला माणूस पण तसाच वागायला लागतो.

संपादक साहेब, ह्या फेस्टिवलच्या पानभर जाहिराती तुमच्याच पेपरात येतात. पुढच्या हंगामात जाहिरात घ्यायच्या आधी एवढं विचाराल का, टेस्टिंग किती मिलीचं आहे आणि न पिणाऱ्याचा पास आहे की नाही, आणि उत्तर जाहिरातीत मोठ्या अक्षरात टाकायला लावाल का? आई म्हणतेय पुढच्या वर्षी परत जायचं, त्या मुलीला आपल्या बागेतला घड दाखवायचाय, पाला वेळेवर काढलेला.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. दिंडोरी, जि. नाशिक