शिंगखत पुरताना तिथीआधी वाफसा बघा

मा. संपादक,
स. न.

घटस्थापना जवळ आली की बायोडायनॅमिक शेती (रसायने टाळून खास तयारीची खते आणि तिथी-ग्रहांचे वेळापत्रक पाळणारी सेंद्रिय पद्धत) करणाऱ्यांची शिंगखत पुरायची, म्हणजे गाईच्या शिंगात शेण भरून ते मातीत मुरवायची, घाई सुरू होते. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ साली कोबरविट्झच्या (आता पोलंडमध्ये) व्याख्यानांत ही रीत सांगितली, ती थंड मुलखासाठी. शरदात शिंगे पुरायची, वसंतात काढायची. आपण तिचे आश्विन ते चैत्र करून टाकले. पण आश्विनात आपल्याकडे परतीचा पाऊस असतो आणि भारी काळ्या रानातला खड्डा तळाशी पाणी धरतो. हवा न मिळाल्याने शेण मुरत नाही, काढताना हिरवेच आणि घाण वासाचे निघते. मुहूर्त आठ-दहा दिवस पुढे गेला तरी चालेल, वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जास्तीचे पाणी निचरून मातीत ओल आणि हवा दोन्ही राहिल्याशिवाय, पुरू नये.

जागा उंचवट्यावरची, झाडांच्या मुळ्यांपासून लांब हवी. खड्डा फूट-दीड फूट खोल खणावा. चिकण माती असेल तर निम्मे कुजलेले शेणखत मिसळावे. शिंगांची टोके वर, तोंडे खाली. तोंड वर राहिले तर शिंगाचा पेला होतो आणि पाणी आत भरते. दोन शिंगांत बोटभर माती असावी. वर गवताचे आच्छादन टाकून माती ओलसर ठेवावी, चिखल होऊ देऊ नये.

शिंग गाईचेच हवे, नैसर्गिकरीत्या मेलेल्या. बुडाशी वेतागणिक पडलेल्या वळ्या दिसतात, शिंग जड आणि भरीव टोकाचे असते. पोळ्याला लावलेला ऑइल पेंट खरवडून काढावा आणि आतला हाडाचा गाभा पूर्ण निघाल्याची खात्री करावी. शेण दुभत्या गाईचे, घट्ट हवे. नुसत्या हिरव्या चाऱ्यावरचे पातळ शेण शिंगात आकसते, म्हणून आधी काही दिवस कडबा वाढवावा. नुकतेच जंतनाशक किंवा प्रतिजैविक दिलेल्या गाईचे शेण वापरू नये. ही औषधे शेण मुरवणाऱ्या जीवाणू-किड्यांनाच मारक ठरतात.

काढण्यासाठी पाडव्याची वाट बघत बसण्यातही नुकसान आहे. मार्चमध्ये माती तापते, खत वाळते. फेब्रुवारीच्या मध्याला एक शिंग काढून पाहावे. आतला माल काळसर, लोण्यासारखा आणि पहिल्या पावसातल्या मातीच्या वासाचा असेल तर सगळी काढावीत. शेणाचा वास असेल तर पुन्हा पुरावे. साठवण मातीच्या माठात, झाकण सैल, भोवती नारळाच्या भुश्याचा ओलसर थर. एकदा कडक वाळलेले खत पुन्हा ओले करून उपयोग नाही.

एकरी २५ ते ३० ग्रॅम खत १३ ते १५ लिटर कोमट पाण्यात तासभर ढवळावे. काठीने तळापर्यंत भोवरा पडला की मोडून उलट दिशेने फिरवायचे. ओलाव्याच्या जमिनीवर संध्याकाळी, ढवळल्यापासून तीन-चार तासांत, मोठ्या थेंबांनी शिंपडावे. तणनाशक मारलेला पंप घेऊ नये, कडुनिंबाची डहाळी बरी. आणि हे स्पष्ट सांगायला हवे की, तीस ग्रॅममधून पिकाला नत्र मिळत नाही. शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचे खत नसलेल्या रानात केवळ शिंगखतावर भिस्त ठेवणाऱ्यांचे पीक पिवळे पडते आणि बोल पद्धतीला लागतो.

बहुतेक शिबिरांत शिंगे पुरून दाखवतात, काढून दाखवत नाहीत. आयोजकांनी फेब्रुवारीत त्याच खड्ड्यावर दुसरे शिबिर घ्यावे आणि बिघडलेली शिंगेही लोकांच्या हातात द्यावीत.

– एक शेतकरी वाचक