बाळाची बाटली वेळेवर सुटावी म्हणून

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, स्तनपान सप्ताहाच्या निमित्ताने, आईच्या दुधाचे महत्त्व सांगणारे लेख मराठी वृत्तपत्रांतून येतात आणि ते यायलाच हवेत. मात्र ज्या घरात काही कारणाने बाटली आणि डब्याचे दूध आधीच आलेले आहे, त्या घराने बाटली केव्हा बंद करायची, डब्याच्या दुधावरून साध्या दुधावर कसे यायचे आणि बाळाला वाटी-पेल्याने प्यायला कसे शिकवायचे, याबद्दल कोणीच काही बोलत नाही. आमच्या घरी यावरून जे घडले ते सांगण्यासाठी आणि त्यावरून एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आम्ही राजापूर तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात राहतो. सून तालुक्याच्या ठिकाणी नोकरी करते. कायद्याने मिळणारी सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा संपली, तेव्हा सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळात नातवाचे सगळे माझ्याकडे आले. बाटली तर त्याआधीच घरात आलेली होती. सून बाळंत झाली त्या खाजगी रुग्णालयात, दुसऱ्याच दिवशी, दूध पुरत नाही असे सांगून डब्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी आमच्या हातात देण्यात आली. डब्याचे दूध, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि बाळांचे तयार अन्न यांच्या जाहिरातीला आणि फुकट नमुने वाटण्याला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ च्या दुरुस्तीने ती अधिक कडक झाली, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या दिवशी घाबरलेल्या बाळंतिणीसमोर मी ती चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेले, याची खंत मला अजून आहे.

पण त्याहून मोठी चूक आमच्या हातून पुढे घडली. बाळ एक वर्षाचे झाले की साधे दूध चालते, एवढे आम्ही ऐकून होतो. डब्याचा खर्चही झेपेना, कारण २४० मिलीच्या पाच बाटल्या रोज लागू लागल्यावर चारशे ग्रॅमचा डबा जेमतेम दोन-सव्वादोन दिवस पुरत असे. म्हणून वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसापासून डबा बंद करून घाटावरून येणारे पिशवीचे दूध सुरू केले. बाटल्या त्याच राहिल्या, मापही तेच राहिले आणि रात्री झोपताना तोंडात बाटली देण्याची सवयही तशीच राहिली. दूध बदलले म्हणजे काम झाले, असे आम्ही धरून चाललो.

दीड वर्षाचा होईपर्यंत नातू अंगाने गुबगुबीत दिसत होता, त्यामुळे येणारा-जाणारा कौतुकच करी. मला मात्र त्याचे तळहात पांढुरके दिसू लागले होते. चार पावले चालला की तो कडेवर घे म्हणून हात वर करी आणि मऊ भाताचे दोन घास घेतले की मान फिरवी. तपासणीत त्याचे हिमोग्लोबिन ८.२ निघाले. त्या वयात ते अकराच्या खाली असू नये, असे डॉक्टरांनी सांगितले. वरचे समोरचे दात हिरड्यालगत खडूसारखे पांढरे पडले होते आणि त्यातल्या दोघांवर तपकिरी डाग आले होते.

डॉक्टरांनी जे समजावले ते प्रत्येक आजीला माहीत असायला हवे, म्हणून इथे नीट मांडते. गाई-म्हशीच्या दुधात लोह नसल्यासारखेच असते, आणि त्यातले कॅल्शियम व प्रथिने इतर अन्नातले लोहही अंगी लागू देत नाहीत. डब्याच्या पावडरीत लोह वरून घातलेले असते. आम्ही डबा बंद केला तेव्हा ते लोह गेले, पण दिवसाला लिटर-सव्वा लिटर दूध मात्र पोटात जातच राहिले आणि दुधाने भरलेल्या पोटात भात, डाळ, भाजी, मासे यांना जागाच उरली नाही. वर्षानंतर दिवसभरात चारशे ते पाचशे मिली दूध पुष्कळ झाले, बाकीचे पोषण घरच्या जेवणातून व्हायला हवे. आमच्या घरातल्या फुलपात्रात काठोकाठ दीडशे मिली मावते, हे मी औषधाच्या मापाने मोजून पाहिले आहे. म्हणजे दिवसाला तीन फुलपात्री. आणि बाळ फुलपात्राने पिऊ लागले की तीनच्या वर ते सहसा जात नाही, कारण पेल्यातले दूध तहान-भुकेपुरते प्यायले जाते. बाटली मात्र भूक नसतानाही, केवळ चोखण्याच्या सुखासाठी, ओढली जाते.

दातांचे कारणही बाटलीच. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणे थांबते आणि दुधातली साखर वरच्या दातांभोवती रात्रभर साचून राहते. खालचे दात जिभेखाली झाकलेले असतात म्हणून ते बरेचदा वाचतात. शिवाय आडवे झोपून बाटलीने पिणाऱ्या बाळांना कानाचे दुखणे अधिक होते, असेही डॉक्टर म्हणाले.

आता बाटली सोडवली कशी ते सांगते, कारण नुसते ‘बाटली बंद करा’ एवढे सांगितल्याने ती बंद होत नाही. आम्ही आधी दुपारची बाटली काढली, कारण दुपारी त्याचे लक्ष अंगणातल्या कोंबड्यांकडे असे. चार-पाच दिवसांनी सकाळची काढली, मग संध्याकाळची, आणि रात्रीची सर्वांत शेवटी. त्याला मांडीवर ताठ बसवायचे, गळ्यात लाळेरे बांधायचे, स्टीलच्या छोट्या फुलपात्रात दोनच घोट दूध घ्यायचे आणि भांड्याची कड खालच्या ओठावर टेकवून, दूध वरच्या ओठाला जेमतेम लागेल इतकेच ते तिरपे करायचे. दूध तोंडात ओतायचे नाही, ते त्याने स्वतः ओढून घ्यायचे असते. आपण ओतले की ठसका लागतो, आणि एकदा ठसका लागला की पुढचे दोन दिवस मूल भांडे तोंडाजवळ येऊ देत नाही, हा माझा अनुभव आहे. पहिल्या आठवड्यात निम्मे दूध लाळेऱ्यावर, माझ्या लुगड्यावर आणि जमिनीवर गेले. आठव्या की नवव्या दिवशी त्याने दोन्ही हातांनी फुलपात्र धरून, त्यात नाक बुडवून, तळापर्यंतचे दूध संपवले आणि रिकामे भांडे माझ्यासमोर उलटे करून दाखवले.

रात्रीची बाटली सोडवताना मात्र तीन रात्री घरात कोणाचाही डोळा लागला नाही. जेवणानंतर अर्धे फुलपात्र दूध, मग तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून दात घासणे आणि त्यानंतर जाग आली तर फक्त पाणी, असा क्रम ठेवला. तिसऱ्या रात्री माझे मन द्रवले होते. सून म्हणाली, ‘आई, आज दिली तर या दोन रात्रींचे त्याचे रडणे फुकट गेले.’ तिचे म्हणणे खरे होते. चौथ्या दिवशी सगळ्या बाटल्या पोटमाळ्यावर गेल्या. डॉक्टरांनी लिहून दिलेले लोहाचे औषध आम्ही दुधापासून दूर, लिंबू पिळलेल्या वरणभातानंतर देत असू. जेवणात कुळथाची पिठी, अंडे आणि काटे नीट काढलेला मऊ मासा येऊ लागला, आणि घोटभर चहात बिस्कीट बुडवून देण्याची माझी जुनी सवय मी बंद केली, कारण चहाही लोह अडवतो. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.३ झाले. दातांवरचे डाग मात्र राहिले.

हेच काम वेळेवर केले असते तर किती सोपे गेले असते, हे मला आमच्याच वाडीत पाहायला मिळाले. तिथल्या एका मच्छीमार कुटुंबातल्या आजीने नातीला वरचे दूध कधी बाटलीने दिलेच नाही. आधी घरातले जुने चांदीचे बोंडले, म्हणजे दूध पाजायचे चोचीचे छोटे भांडे, वापरले आणि उष्टावण झाल्यावर वाटी धरायला शिकवले. नऊ महिन्यांची ती पोर दोन्ही हातांत वाटी धरून पिते. सहा महिने पूर्ण झाले की बाळ आधाराने बसू लागते, हातात येईल ते तोंडाकडे नेते, तेव्हाच वाटीत दोन घोट पाणी देऊन सुरुवात करावी, म्हणजे वर्षाच्या आसपास बाटली आपोआप मागे पडते. दीड वर्षाच्या मुलाला बाटलीचा लळा लागलेला असतो आणि तो सोडवताना त्यालाही त्रास होतो, घरालाही. चोच असलेले प्लास्टिकचे पेले बाजारात मिळतात, तेही थोडे दिवसच वापरावेत, कारण चोच तोंडात धरून चोखत बसण्याची सवय त्यानेही लागते.

दूध केव्हा बदलावे याबद्दल गोंधळ आहे, म्हणून दोन शब्द. सहा ते अकरा महिन्यांच्या, आईचे दूध न मिळणाऱ्या बाळाला डब्याचे दूध किंवा प्राण्याचे दूध यांपैकी कोणतेही चालेल, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची मार्गदर्शिका म्हणते. अनेक बालरोगतज्ज्ञ मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत गाई-म्हशीचे दूध मुख्य दूध म्हणून देऊ नका, असे सांगतात, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. एक वर्षानंतर मात्र साधे दूध चालते, आणि मोठ्या बाळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुढच्या क्रमांकाच्या डब्यांची गरज नसते, असे त्याच मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे. चव बदलल्याने बाळ तोंड फिरवत असेल, तर ठरलेल्या मापाने पाण्यात तयार केलेल्या डब्याच्या दुधात पाव हिस्सा उकळून गार केलेले साधे दूध मिसळावे, दोन-तीन दिवसांनी अर्धे, मग पाऊण. पावडर थेट दुधात कालवू नये आणि डबा पुरवण्यासाठी माप कमी करून पाणी वाढवू नये. आमच्याकडे हे दोन्ही प्रकार सर्रास चालतात. आईचे दूध मिळत असेल, तर ते दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावे, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या कोकणात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. मे महिन्यात विहिरी तळ गाठतात आणि कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळ्यात त्याच विहिरींचे पाणी गढूळ होते आणि वीज दोन-दोन दिवस नसते. अशा वेळी दिवसाला पाच बाटल्या, त्यांची निपले, त्यांची झाकणे ब्रशने घासून उकळत्या पाण्यात ठेवणे किती घरांत खरोखर होते? निपलच्या आतल्या बाजूला दुधाचा जो चिकट थर राहतो, तो मी स्वतः नखाने काढला आहे. हगवणीचे मूळ अनेकदा तिथेच असते. फुलपात्राला कोपरा नाही, भोक नाही, साबण आणि स्वच्छ पाण्याने ते निघते. शिवाय दरड कोसळून अणुस्कुरा घाट बंद झाला की दुधाची गाडी येत नाही. बाटलीवर पोसलेल्या मुलाच्या घरी त्या दिवशी रडारड होते. पेज, नाचणीची खीर, वरणभात आणि मासे खाणाऱ्या मुलाचे एखादा दिवस दुधावाचून काही अडत नाही.

माझी विनंती जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला आणि एकात्मिक बालविकास प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांना आहे. आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात, आणि नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीसाठी जवळजवळ प्रत्येक बाळ उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत आणले जाते. त्या दिवशी लस टोचल्यावर बाळावर लक्ष ठेवण्यासाठी अर्धा तास थांबायला सांगतात. त्या अर्ध्या तासात एक स्टीलची वाटी घेऊन, बाळाला कसे बसवायचे आणि वाटी कशी धरायची हे प्रत्यक्ष करून दाखवावे. बाटलीने पिणाऱ्या बाळाच्या माता व बाल संरक्षण कार्डावर ‘वर्षाच्या आत बाटली बंद’ असे लिहून पुढच्या भेटीत त्याची चौकशी करावी. दुधाचे प्रमाण विचारावे, आणि सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा द्यायचे लोहाचे औषध घरात खरोखर दिले जाते की बाटली तशीच फडताळात पडून आहे, हेही पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २०२१ या काळात, देशातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली होती. माझा नातू त्यांतलाच एक होता आणि त्याच्या बाबतीत कारण गरिबीचे नव्हते, कोणी वेळेवर न सांगितल्याचे होते.

हे सांगताना केवळ आईला समोर बसवून भागणार नाही. नोकरीवर किंवा मजुरीला जाणाऱ्या सुना-लेकींची मुले दिवसभर आमच्यासारख्या आज्यांकडे असतात आणि बाटली आमच्याच हातात असते, त्यामुळे त्या दिवशी आजीलाही आवर्जून बोलवावे. आमच्या अंगणवाडीत लसीकरण महिन्यातून एकदा होते. आमच्या ताईंची हरकत नसेल, तर त्या दिवशी माझे फुलपात्र घेऊन तिथे बसायला मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक आजी, ता. राजापूर, जि. रत्नागिरी