काम मिळवून देणारा आणि काम करणारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की आपल्या छोट्या जाहिरातींच्या पानावर सोफा-कारपेट सफाईच्या जाहिराती वाढतात. त्यातल्या कितीतरी नंबरांवर फोन घेणाऱ्याकडे मशीन नसतं. तो काम ठरवतो आणि माझ्यासारख्याला कळवतो, 'उद्या दहा वाजता बाणेरला जाशील का?' मी जातो. 19 वर्षं हेच काम करतोय. आधी एका हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये होतो, नंतर स्वतःचं मशीन घेतलं. आता हाताखाली तीन मुलं आहेत.

काम देणाऱ्याने आपला हिस्सा घ्यावा, याबद्दल माझी तक्रार नाही. गिऱ्हाईक जोडायलाही कष्ट पडतात. त्याच्या पार्टीला मी माझं कार्ड देत नाही; या धंद्यात ते पाप समजलं जातं, आणि ते बरोबरच आहे. तक्रार आहे ती हिशोबाबद्दल आणि जबाबदारीबद्दल.

आधी हिशोब. 'वीस टक्के माझे' असं फोनवर सहज बोललं जातं. वीस टक्के कशावर, हे कुणी विचारत नाही. समजा घरचं 3,000 रुपयांचं काम आहे. मुलाची रोजी 700, केमिकल 250, मशीन न्यायला-आणायला टेम्पो 400. म्हणजे 1,350 खर्च आणि 1,650 शिल्लक. पूर्ण बिलावर वीस टक्के म्हणजे 600, म्हणजे शिलकीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा फोन करणाऱ्याला गेला. खर्च वजा करून वीस टक्के धरले तर 330 होतात. एका कामात फरक 270 रुपयांचा, पण महिन्याला अशी पंचवीस कामं असतात. मशीनची मोटर जळली की ती भरायला हेच पैसे लागतात.

ऑफिसच्या कामात रक्कम मोठी आणि उधारीही मोठी. मागच्या वर्षी गणपती उठल्यावर एका हाउसकीपिंग ठेकेदाराने खराडीच्या एका ऑफिसचं 14,000 चौरस फुटांचं काम दिलं, फुटाला तीन रुपयांनी. शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन रात्री आम्ही मशीन चालवलं. सोमवारी लोक कामावर यायच्या आत कारपेट सुकायला हवं म्हणून ब्लोअर भाड्याने आणले. सकाळी सात वाजता पार्किंगमध्येच तिघा मुलांना 900 रोजीप्रमाणे 8,100 रुपये मोजून दिले. माझे 42,000 आले 118व्या दिवशी. दर वेळी उत्तर एकच, 'पार्टीचं पेमेंट आलं नाही.' पुढे त्याच ऑफिसमध्ये गेलो तेव्हा तिथल्या माणसाकडून कळलं की त्यांनी पैसे पाचव्या आठवड्यातच दिले होते. आणि आले तेही 37,800. बाकीचे 4,200 'टीडीएस' म्हणून, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर म्हणून, कापले होते. आमच्यासारख्या एकट्या माणसाच्या ठेक्याच्या कामावर टीडीएस एक टक्का असतो, म्हणजे 420 रुपये. तेवढेही माझ्या 26एएसमध्ये, म्हणजे माझ्या नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या उताऱ्यात, दिसले नाहीत.

मुलांना मी सांगू शकतो का, की पार्टीचं पेमेंट आलं की तुमची रोजी देतो? त्यातला एक बीडचा आहे, खोलीचं भाडं महिन्याच्या पाच तारखेला भरतो. त्याचा आणि खराडीच्या ऑफिसचा काय संबंध? त्याने काम माझ्यासाठी केलं, पैसे मी दिले. मी काम ठेकेदारासाठी केलं, पैसे ठेकेदाराने द्यायला हवेत. त्याची वसुली कधी होते हा त्याचा प्रश्न आहे. त्याच जोखमीपोटी तर तो वरचा पैसा घेतो!

आता जबाबदारी. एका ओळखीच्या माणसाने बंगल्यातला हातविणीचा लोकरी गालिचा धुवायचं काम दिलं. पार्टीला त्याने आधीच शब्द देऊन ठेवला होता, 'दोन तासांत नव्यासारखा.' मी गेल्यावर पांढरं सुती फडकं ओलं करून एका कोपऱ्यावर दहा मिनिटं दाबून ठेवलं. फडक्याला लाल रंग लागला. असा गालिचा गरम पाण्याच्या मशीनने करायचा नसतो, आणि लोकरीला सोड्याचं कडक केमिकलही चालत नाही. मी तिथूनच त्याला फोन केला. तो म्हणाला, 'मी बोललोय, कर तू.' मी ऐकायला नको होतं, ही चूक माझी आणि ती मी मान्य करतो. लाल रंग किनारीच्या पांढऱ्या नक्षीत उतरला. पार्टीने 8,000 रुपये कापले. त्याला विचारलं तर म्हणाला, 'मी फक्त तुझा नंबर दिला होता.' त्याचे वीस टक्के मात्र त्याने ॲडव्हान्समधून आधीच घेतले होते.

नुसता नंबर दिला असेल तर ते कमिशन. ते एकदा घ्यावं आणि दर, वेळ, केमिकल यात पडू नये. पण दर स्वतः ठरवला, बिल स्वतःच्या नावाने केलं, पार्टीला शब्द स्वतः दिला, तर तो ठेका झाला आणि आम्ही पोटठेकेदार. मग नुकसानीतही त्याचा वाटा असला पाहिजे. फायद्याच्या वेळी ठेकेदार आणि भरपाईच्या वेळी मध्यस्थ, असं चालणार नाही.

हे नीट होऊ शकतं. कॅम्पातल्या एका सोफा दुरुस्तीवाल्या काकांबरोबर मी 11 वर्षं काम करतोय. खर्च वजा करून पंधरा टक्के त्यांचे, पैसे त्याच संध्याकाळी, आणि तक्रार आली की दोघांनी मिळून जायचं. एकदा ओला सोफा सुकेना आणि वास यायला लागला, तेव्हा स्वतः येऊन फोम त्यांनी उघडून दिला. हल्ली आम्ही प्रत्येक कामाआधी व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहितो: टक्के कशावर, पैसे कोण आणि कधी देणार, पुन्हा करावं लागलं तर खर्च कुणाचा. यात कुणाचा अपमान होत नाही.

कायदाही आमच्या बाजूचा आहे, हे मला फार उशिरा कळलं. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर 15 दिवसांत द्यावं लागतं. करारात जास्त मुदत लिहिली तरी 45 दिवसांपुढे जाता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. सफाईसारख्या सेवांनाही तो लागू आहे. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत ती आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, म्हणजे थकवणाऱ्याला स्वतःलाही ते महाग पडतं. पण यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे करायची नोंद, आधी हवी, आणि खराडीच्या कामाच्या वेळी माझी नव्हती. आधारवर होते, फी नाही. माझी आता झाली आहे. धायरी, वडगाव, नऱ्हे भागात माझ्या ओळखीचे सात-आठ मशीनवाले आहेत, त्यांच्यातल्या एकाचीही नाही.

म्हणून जिल्हा उद्योग केंद्राला आपल्यामार्फत विनंती आहे. या भागात उद्यम नोंदणीचं एक शिबिर घ्यावं, आणि थकलेल्या बिलाची सरकारकडे ऑनलाइन तक्रार कशी करायची तेही तिथे समजावून सांगावं. मंगळवार किंवा बुधवारची संध्याकाळ ठेवली तर सगळ्यांना येता येईल. शनिवार-रविवारी आम्ही कामावर असतो.

– एक कारपेट-सोफा सफाई व्यावसायिक, धायरी, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)