दहावा माणूस

प्रिय बाळा,

पुढच्या महिन्यात तुझ्या आजोबांना जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी तिकडे इस्रायलमध्ये, अश्दोदच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळात, कद्दिश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, तू म्हणायचा आहेस. मला भाऊ नाही, आणि बाबांनी हे काम तुझ्याकडे आधीच सोपवून ठेवलं होतं. तू कळता झालास तोवर ते ऐंशीच्या घरात होते, म्हणून तुला ते आरामखुर्चीतलेच आठवत असतील. मला आठवतात ते सायकलवरचे.

अलिबागच्या इस्रायल आळीत पूर्वी दाराला दार लागून आपलीच, बेने इस्रायल ज्यूंची, घरं होती. 1948 मध्ये इस्रायल देश झाला, त्यानंतर एकेक घर रिकामं होत गेलं. पत्रं यायची ती तिथल्या लोद, दिमोना, बेरशेबाहून. बाबांचे दोघे भाऊ गेले, तिकडे त्यांचं चांगलं झालं, बाबांना त्याचा आनंदच होता. तुम्ही का नाही गेलात, असं विचारलं की म्हणायचे, "मी गेलो तर इथे नऊच उरतील." दहा पुरुषांचा मिन्यान जमल्याशिवाय कद्दिश म्हणता येत नाही, तोराहची, आपल्या धर्मग्रंथाची, गुंडाळी उघडत नाही. म्हणून शुक्रवारी दुपारी रंधा-पटाशी आवरून, अंगावरचा भुसा झाडून ते सायकल काढायचे. रेवदंड्याला सुट्टीवर कोण आलंय, कुणाचा जावई पनवेलहून उतरलाय, सगळी खबर त्यांच्याकडे असायची. दिवेलागणीच्या आत माणसं जमवून आणायचे. वडील गेलेला एखादा पोरगा दारात खाली मान घालून उभा असे. माणसांवाचून त्याचा कद्दिश राहिला, असं बाबांनी होऊ दिलं नाही.

शनिवारी, आपल्या विसाव्याच्या दिवशी, ते हत्याराला हात लावत नसत. गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक होतं, कुणी येतच नसे. आपले पूर्वज घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत. बाबांच्या हाती तेलाऐवजी लाकूड आलं, पण शनिवार तोच राहिला. रविवारपासून मात्र कुणालाही नाही म्हणायचे नाहीत. देवळाच्या पालखीचा दांडा, मशिदीची खिडकी, कोळीवाड्यातल्या होडीची फळी, सगळं करायचे, आणि देवाच्या कामाचे पैसे घ्यायचे नाहीत. आईची त्यावरून कधी कधी कुरकुर असे, घरात चणचण होतीच.

शुक्रवारी रात्री मनुकांच्या सरबतावर किद्दुश, म्हणजे त्या विसाव्याच्या दिवसाच्या स्वागताची प्रार्थना, म्हणताना त्यांचा आवाज वेगळाच लागायचा. प्याला आधी आईला, मग मला द्यायचे. आणि मलिदा, नवसाचे गोड पोहे! तू जन्मलास तेव्हा त्यांनी एलियाहू हनाबीचा, आपल्या प्रेषिताचा, नवस फेडला, अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या त्या खडकाशी जाऊन आले, जिथे हनाबीच्या रथाची खूण आहे असं आपण मानतो. मलिद्याचे पोहे स्वतः भिजवले. लगदा होता कामा नये, म्हणून दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. नारळही स्वतःच खवला. वर फळं मांडली, सब्जाची काडी सगळ्यांच्या हाती दिली. प्रार्थना झाल्यावर पहिलं ताट शेजारच्या कोळणीकडे पाठवलं. तू झालास त्या रात्री तीच आईबरोबर जागली होती.

बाबा गेले त्या दिवशी पाऊस थांबत नव्हता. ठाण्याहून, पनवेलहून आपली माणसं आली आणि दहाच्या वर भरली. पण कब्रस्तानाची वाट चिखलानं भरलेली, तेव्हा खांदा द्यायला पुढे झाली ती आळीतली आणि कोळीवाड्यातली मुलं, डोक्याला रुमाल बांधून. बाबांनी कधी कुणाला मागितलं नव्हतं.

तर आता नीट ऐक. इंग्रजी तारखेवर जाऊ नकोस, हिब्रू पंचांगातली तिथी मी कळवते. आदल्या संध्याकाळी दिवा लाव. कद्दिश पाठ असला तरी पुस्तक समोर धर, बाबाही धरायचे. घाई करू नकोस, एकेक शब्द नीट उच्चार. आणि अर्धा तास आधी जा. माणसं कमी असतील तर बसून राहू नकोस, बाहेर पड आणि कुणाला तरी बोलावून आण.

तुझी,
आई