गायघाट्याच्या विहिरीसाठी हातभार लावा

कोलकात्यातल्या सर्व मराठी मंडळींना आणि मंडळाच्या हितचिंतकांना सप्रेम नमस्कार.

यंदा गणपतीची सजावट साधी ठेवायची आणि वाचलेले पैसे उत्तर चोवीस परगण्यातल्या गायघाटा भागात एका पाड्याला विहीर बांधून देण्यासाठी वापरायचे, असं कार्यकारिणीत ठरलं आहे. तेवढ्यात भागणार नाही, म्हणून हे आवाहन.

तिथल्या कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. त्याला ना रंग, ना वास, ना चव. पाणी उकळलं तर पाणीच आटतं, आर्सेनिक तेवढंच राहतं. लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ही मर्यादा त्या भागातल्या अनेक कूपनलिका ओलांडतात. आर्सेनिकच्या विषबाधेचे बंगालमधले पहिले रुग्ण डॉ. के. सी. साहांनी 1983 मध्ये आपल्या कोलकात्यातच ओळखले होते.

पोटात गेलेल्या आर्सेनिकला यकृत टप्प्याटप्प्याने मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचे छोटे अणुसमूह) जोडतं आणि त्यातलं बरंचसं काही दिवसांत लघवीवाटे निघून जातं. मधल्या टप्प्यावरचं एक रूप मात्र मुळापेक्षा जहाल असतं. ही प्रक्रिया नीट पार पडायला फोलेट हे ब-जीवनसत्त्व लागतं. ते पालेभाज्यांतून, डाळींतून मिळतं. ज्याच्या ताटात नुसता भात, त्याचं शरीर इथेच मागे पडतं. शिवाय तो भातही त्याच पाण्यात शिजलेला! रोज भर पडत राहिली की आर्सेनिक केसांत, नखांत, कातडीत साठतं. अशा माणसाचा तळहात हातात घेतला तर कडक, खरखरीत गाठी लागतात. छातीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे डाग दिसतात. पुढे त्वचेचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग होऊ शकतो. खात्रीचं औषध नाही. आधी पाणी बदलायला हवं.

‘फिल्टर का देत नाही?’ असं काहींनी विचारलं. देता येतील, पण देखभालीअभावी बंद पडलेले फिल्टर या जिल्ह्यात कमी नाहीत, आणि नुसते वाटून फोटो काढण्यात आम्हाला रस नाही. उथळ विहिरीत हवा खेळते, त्यामुळे पाण्यातल्या लोहाबरोबर आर्सेनिकही खाली बसतं. तरी पाणी तपासल्याशिवाय कुणाला प्यायला सांगणार नाही; जंतूंसाठी क्लोरीनही नियमित लागेल.

विहिरीची कडी, झाकण, हातपंप आणि तपासणी यासाठी निधी हवा आहे. रक्कम कितीही चालेल. धनादेश मंडळाच्या नावे द्यावा, पावती कार्यालयात मिळेल. त्वचारोगतज्ज्ञ आणि स्थापत्य अभियंते असतील तर जरूर कळवा. बांगला सफाईने बोलणारेही हवेत: शरीरातलं आर्सेनिक मोजण्यासाठी लघवीचा नमुना देण्याआधी तीन-चार दिवस समुद्रातली मासळी खायची नाही, नाहीतर तिच्यातलं निरुपद्रवी आर्सेनिकही मोजलं जातं, हे घरोघरी जाऊन पटवायचं आहे.