चोराच्या तावडीत दिल्याबद्दल आभार

ग्रंथपाल ताई,
सप्रेम नमस्कार.

ख्रिस यूअन यांची 'द गुड थीफ्स गाईड टू अ‍ॅमस्टरडॅम' (२००७) वाचून झाली. पुस्तक हातात देताना तुम्ही कथानकाबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. एवढंच म्हणालात, "चोर काय सांगतो यापेक्षा काय गाळतो, तिकडे लक्ष ठेवा." हे पत्र मुख्यतः त्या एका वाक्यासाठी. पुस्तकं सुचवणारे पुष्कळ असतात, पण रहस्य न फोडता सुचवणारे विरळाच!

रहस्यकथांचा मला वीट आला होता. तोच खिन्न, दारुडा पोलीस अधिकारी आणि पहिल्याच पानावर तोच मुडदा. इथे भेटला चार्ली हॉवर्ड. चोराच्या कादंबऱ्या लिहितो आणि स्वतः घरफोड्याही करतो. एक अमेरिकन त्याला माकडांच्या दोन लहानशा मूर्ती चोरायला सांगतो. वाईट न पाहणाऱ्या, न ऐकणाऱ्या, न बोलणाऱ्या तिघांपैकी दोन. दोन्ही ठिकाणं एकाच रात्री. पुढचं मीही सांगणार नाही.

एरवी कादंबरीतली खोल्यांची वर्णनं मी सरळ गाळते. इथे गाळता येईनात. चार्ली खोलीत शिरतो तो चोराच्या नजरेने, त्यामुळे कुलूप कसलं, बाहेर पडायची वाट कुठे, हे त्याच्या जिवाशी निगडित असतं. आणि तोच माणूस त्याच्या एजंटबरोबर, व्हिक्टोरियाबरोबर, फोनवर हस्तलिखितातली अडचण आणि खरोखरचा गुन्हा जवळपास एकाच सुरात चघळत बसतो. ती संभाषणं मला सगळ्यात आवडली. शेवटचा उलगडा मात्र जरा लांबला, हेही सांगून टाकते.

इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते. गुन्हा खुद्द शोध घेणाऱ्यानेच केलेला नसावा, त्याच्या बावळट मित्राने मनातलं काही वाचकापासून लपवू नये, वगैरे. चार्ली चोरही आहे, शोध घेणाराही आणि गोष्ट सांगणाराही. म्हणजे नियम कुणाला लावायचे? हातांनी काय केलं ते तो इत्थंभूत सांगतो, डोक्यात काय शिजतंय ते सोयीने. लेखक म्हणून त्याला नेमकं ठाऊक असतं, वाचकाची नजर कुठे वळवायची. तुम्ही सावध केलं नसतंत, तर मी त्याच्या विनोदांवर हसत सगळ्या खुणा ओलांडून गेले असते. सावध होऊनही फसलेच, पण मजेत.

आता एक विनंती. या जातकुळीतला जुना पुरुष म्हणजे इंग्रज लेखक हॉर्नंग यांच्या कथांमधला चोर, रॅफल्स. पहिला संग्रह १८९९ चा, आणि तो अर्पण केलाय लेखकाच्या मेव्हण्याला, म्हणजे चक्क शेरलॉक होम्सच्या आर्थर कॉनन डॉयलना! तिथेही हकिकत सांगतो तो चोराचा साथीदारच. तो संग्रह आपल्याकडे असेल तर माझ्यासाठी बाजूला काढून ठेवाल का?

तुमची,
एक सभासद