दार चालेना की मार रिसेट, हे सांगणं आता थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात स्मार्ट टीव्ही, कॅमेरे, बोलणारे स्पीकर ह्यांच्याबद्दल बरंच छापून येतं, पण ज्या वस्तूचं वायफाय तुटलं की माणूस खरंच अडकून पडतो तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, ती म्हणजे गॅरेजच्या दाराचा स्मार्ट ओपनर, फोनवरून दार उघडणारी-लावणारी मोटर. बल्बचं कनेक्शन गेलं तर भिंतीवर बटण आहेच. दाराचं गेलं तर गाडी आत आणि माणूस बाहेर, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे आपण कुठेतरी लांब आणि दार उघडं राहिलंय की लागलंय हेच कळायला मार्ग नाही. अशा वेळी हेल्पलाइनला फोन लावावा तर पहिलं वाक्य ठरलेलं, रिसेट मारा. नातेवाईकांची, ओळखीपाळखीच्यांची ही दारं मी बरीच वर्षं बघत आलेय आणि दर वेळी तेच ऐकते, रिसेट मारला आणि आता तर काहीच चालत नाही. म्हणून हे पत्र.

रिसेटने होतं काय, तर ओपनरमध्ये साठवलेलं वायफायचं नाव आणि पासवर्ड पुसला जातो, काही मॉडेलांत घरच्यांना दिलेला अ‍ॅक्सेस आणि लावून ठेवलेल्या वेळाही जातात, आणि चुकीचं बटण जास्त वेळ दाबून धरलं गेलं तर गाडीतले रिमोटसुद्धा पुसले जातात, म्हणजे आधी फक्त अ‍ॅप अडलं होतं आता रिमोटही गेला. मूळ दुखणं जर कमजोर सिग्नलचं असेल तर अजूनच पंचाईत, कारण जे कनेक्शन निदान अधूनमधून तरी लागत होतं ते नव्याने जोडताना लागतच नाही. शिवाय नेमकं कुठे बिघडलं होतं ते शोधायची खूणही गेली.

फोनवर बोट टेकल्यापासून दार हलेपर्यंत मध्ये बरीच ठिकाणं लागतात, फोन, मग इंटरनेट, मग कंपनीचा सर्व्हर, तिथून परत घरचा राउटर, राउटरवरून ओपनर आणि शेवटी मोटर. ह्यातलं कुठलं तुटलंय ते अ‍ॅप सांगत नाही, नुसतं ऑफलाइन म्हणून मोकळं होतं. तर ते आपणच शोधायचं आणि त्याला फार वेळ लागत नाही.

सगळ्यात आधी भिंतीवरचं बटण दाबून बघा. त्यानेही दार हलत नसेल तर वायफायचा काही संबंध नाही, वीज, मोटर, स्प्रिंग ह्यांच्याकडे बघा आणि स्प्रिंगला स्वतः हात लावू नका, त्यात भयंकर ताण असतो. बटणाने चालतंय पण अ‍ॅपने दार उघडतं आणि बंद मात्र होत नाही, असं असेल तरी वायफाय निर्दोष आहे, कारण उघडण्याचा हुकूम पोचतोय म्हणजे रस्ता शाबूत आहे. तिथे दाराच्या दोन्ही बाजूंना खाली, जमिनीपासून साधारण १५ सेंटिमीटरच्या आत लावलेले, दाराच्या वाटेत काही आलं तर ओळखणारे सेन्सर बघायचे, कोळ्याचं जाळं, धूळ, धक्क्याने वाकडा झालेला ब्रॅकेट, थेट पडणारं ऊन, काहीही असू शकतं. बऱ्याच मॉडेलांत भिंतीवरचं बटण धरून ठेवलं तर दार लागतं आणि सोडलं की परत वर जातं, तसं झालं तर सेन्सरच. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती ओपनरला असे सेन्सर किंवा त्याच कामाचा दुसरा बंदोबस्त सक्तीचा आहे, लहान मुलं दाराखाली सापडून जीव गेल्यामुळे तो नियम आला, त्यामुळे सेन्सर काढून टाका, त्यांच्या वायरी एकत्र पिळा असले सल्ले कुणी दिले तर कृपया ऐकू नका. आणि अ‍ॅपवरून बंद करताना आधी काही सेकंद दिवा लुकलुकतो, बीप वाजतो, मग दार हलतं, तेसुद्धा सुरक्षेसाठीच आहे. लोकांना वाटतं हँग झालं म्हणून ते परत दाबतात आणि निघालेलं दार थांबतं. अजून एक, भिंतीवरच्या पॅनेलवर लॉकचं बटण असतं, ते चुकून दाबलं गेलं की काही मॉडेलांत रिमोट आणि अ‍ॅप दोन्ही गप्प होतात.

हे सगळं ठीक असेल तर राउटरच्या अ‍ॅपमध्ये किंवा सेटिंगच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. मला विचाराल तर ही एक यादी हेल्पलाइनच्या सगळ्या सूचनांपेक्षा जास्त कामाची आहे. ओपनर यादीत दिसत असेल तर राउटर ते ओपनर हा भाग बहुतेक ठीक आहे, मग घराचं नेट चालू आहे का बघा, फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर अ‍ॅप चालवून बघा, व्हीपीएन असेल तर बंद करा, आणि तरीही नाही तर कंपनीचा सर्व्हरच बसलेला असू शकतो, अशा वेळी रिसेट मारणं म्हणजे धडधाकट वस्तू आपल्या हाताने बिघडवणं. फक्त काही राउटर तुटलेली उपकरणंही थोडा वेळ यादीत ठेवतात म्हणून आत्ता जोडलेलं आहे असं दिसतंय का ते पाहायचं.

यादीत नसेल तर मात्र खरी वायफायची गोष्ट, आणि इथे थोडं सविस्तर लिहिते कारण घोळ सगळा इथेच होतो. बहुतेक ओपनरना फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय समजतं, ५ चं समजत नाही. ते तसं मुद्दाम आहे, २.४ च्या चिप स्वस्त असतात आणि ती लाट भिंतींतून जास्त चांगली जाते. पण आजकालचे राउटर हे दोन्ही बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, एकाच नावाखाली दाखवतात, फोन ५ वर बसलेला असतो आणि जोडणी करताना काही अ‍ॅप त्यामुळे गोंधळतात. उपाय म्हणजे तेवढ्यापुरता ५ चा बँड बंद करायचा किंवा २.४ ला वेगळं नाव द्यायचं, जोडून झालं की परत चालू केला तरी चालतं. हे खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं तर किती लोकांचे किती तास वाचले असते!

दुसरं, मोटर असते छताला, आणि आपण सिग्नल बघतो जमिनीवर उभं राहून, तेही फोनवर, ज्याचा अँटेना वेगळा आणि बँडही बहुधा वेगळा. फोन २.४ वर लावून शिडीवर जपून चढून मोटरच्या शेजारी सिग्नल मोजायचा, त्याचे फुकट अ‍ॅप मिळतात. आकडा उणे असतो, उणे ५० च्या आसपास म्हणजे उत्तम, उणे ६५-७० पर्यंत चालून जातं, उणे ८० म्हणजे आज लागेल उद्या नाही. आणि हे माप दार बंद असताना आणि उघडं असताना दोन्ही वेळा घ्या, कारण पत्र्याचं दार उघडलं की छताखाली आडवं होतं आणि राउटरकडून येणारा सिग्नल अडवू किंवा परतवू शकतं. दार उघडल्यावरच ऑफलाइन जाणारे ओपनर मी पाहिलेत आणि त्यांना ढीगभर रिसेट मारलेले होते! अशा ठिकाणी राउटर थोडा सरकवणं, गॅरेजच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत मेशचं, म्हणजे घरभर वायफाय पसरवणाऱ्या जोडराउटरांचं, एखादं युनिट ठेवणं हाच इलाज, रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पुढे सोडणारा डबा, ठेवलात तर जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे ठेवा, जिथे संपलाय तिथे ठेवून तो संपलेलाच सिग्नल पुढे देणार. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे बँडचे छोटे भाग, तीनच, १, ६ आणि ११, शेजारपाजारचे राउटर सगळे एकाच चॅनलवर असतील तर बदलून बघा, आणि राउटर स्वतःहून १२ किंवा १३ वर गेला असेल तर काही ओपनरना ते नेटवर्क दिसतच नाही.

राउटर नवा घेतलात तर जुनंच नाव, जुनाच पासवर्ड आणि सुरक्षेचा जुनाच प्रकार ठेवा, ओपनर बहुतेक आपोआप जोडला जातो, शिडीसुद्धा लागत नाही. नव्या राउटरवर डब्ल्यूपीए३ ही सुरक्षेची नवी पद्धत चालू असेल तर जुन्या ओपनरला ती बहुधा कळत नाही, मग आधीची डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय निवडा, पण वैतागून पासवर्डच काढून टाकू नका, दाराची गोष्ट आहे. वायफायचं नाव देवनागरीत ठेवलं असेल तर तेही तपासा, नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीत एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात, काना-मात्रा वेगळ्या मोजून, त्यामुळे जेमतेम दहा चिन्हं बसतात आणि त्यातूनही काही उपकरणांना रोमन अक्षरांपलीकडचं वाचताच येत नाही. आपली लिपी इतक्या फोनवर चालते तर दाराच्या मोटरला का चालू नये, हा प्रश्न कंपन्यांना विचारायलाच हवा.

जोडणी करताना अर्ध्यात सगळं थांबतं त्याचं नेहमीचं कारण फोनमध्ये असतं. बरेच ओपनर सुरुवातीला स्वतःचा छोटा हॉटस्पॉट सोडतात, त्याला नेट नसतं, म्हणून फोन हुशारीने तो सोडून मोबाइल डेटावर उडी मारतो. तेवढा वेळ मोबाइल डेटा बंद ठेवा, अ‍ॅपला लोकेशनची परवानगी द्या, आणि आयफोन असेल तर लोकल नेटवर्कची परवानगीही, ती २०२० च्या आयओएस १४ पासून वेगळी मागितली जाते आणि लोक घाईत नको म्हणतात. लाइट जाऊन आल्यावर बंद पडतं त्याचं कारणही साधंच, ओपनर झटकन सुरू होतो आणि राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात, काही ओपनर तेवढ्यात प्रयत्न सोडून देतात. आधी राउटर पूर्ण चालू होऊ द्या मग ओपनरचा प्लग काढून लावा. हा रीस्टार्ट, ह्यात काही पुसलं जात नाही, आणि हेल्पलाइनवाले रीस्टार्ट आणि रिसेट हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात त्याने फार नुकसान होतं.

आता कंपन्यांबद्दल. दार माझं असलं तरी चावी त्यांच्या सर्व्हरवर आहे हे विकताना कुणी सांगत नाही. एप्रिल २०१७ मध्ये गॅराजेट ह्या गॅरेजचं दार फोनवरून चालवणाऱ्या उपकरणाच्या निर्मात्याने वाईट रिव्ह्यू लिहिणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं उपकरण सर्व्हरवरून तोडलं होतं, त्याची जगभर बातमी झाली. २०२३ च्या शेवटी चेंबरलेन ह्या ओपनर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या मायक्यू ह्या फोनवरून दार चालवण्याच्या सेवेला बाहेरच्या अनधिकृत सॉफ्टवेअरने जोडणं बंद केलं आणि होम असिस्टंटसारख्या, घरातली सगळी स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणाऱ्या प्रकल्पाला ती जोडणी काढून टाकावी लागली, लोकांच्या घरातलं वायफाय तसंच उत्तम होतं आणि त्यांचं दार मात्र त्यांच्या यंत्रणेतून गेलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने नेक्सच्या गॅरेज कंट्रोलरबद्दल इशारा दिला, त्यात उपकरणांमध्येच घातलेला एक सामायिक पासवर्ड सापडला होता. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा नेटला जोडणाऱ्या घरगुती वस्तूंना सगळ्यांना सारखा, ओळखता येईल असा पासवर्ड ठेवायला कायद्याने बंदी आहे आणि सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ मिळतील तेही जाहीर करावं लागतं. हे सगळीकडे व्हायला हवं.

माझी मागणी फार मोठी नाही. खोक्याच्या बाहेर चार गोष्टी छापा, कुठला बँड लागतो, कुठली वायफाय सुरक्षा चालते, नेट किंवा कंपनीचा सर्व्हर बंद असताना दार फोनवरून चालेल का, आणि अपडेट कधीपर्यंत मिळतील. अ‍ॅपमध्ये नुसतं ऑफलाइन लिहिण्याऐवजी राउटर सापडत नाही, पासवर्ड चुकतोय, सर्व्हर बंद आहे असं स्पष्ट लिहा, ही माहिती बरीचशी ओपनरकडे आणि सर्व्हरकडे असतेच, काही मॉडेलांत दिव्याचे रंग आणि लुकलुकणं त्यावरच चालतं, फक्त त्याचा अर्थ मॅन्युअलच्या कुठल्यातरी मागच्या पानावर बारीक अक्षरात असतो. ते अ‍ॅपवर मोठ्या अक्षरात आणि आपल्या भाषेत आलं तर म्हाताऱ्या माणसांनासुद्धा कुणाची वाट बघावी लागणार नाही. आणि आपल्या पेपरात अशा वस्तूंची ओळख छापताना, डिझाइन किती देखणं आणि आवाज किती कमी ह्याच्या आधी, नेट नसताना ती काय करते हा प्रश्न आपल्या प्रतिनिधींनी कंपनीला विचारावा आणि मिळालेलं उत्तर जसंच्या तसं छापावं ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक